होडीच्या पोटावर ओली पोती

माझ्या नवऱ्याने सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली आणि एवढ्या काळात घोट्याच्या वर त्यांना कधी पाणी लागलं नाही. धरणाच्या भिंतीवर उभं राहायचं, हात मागे बांधायचे, पाण्याकडे असं पाहायचं की जणू ते रजेचा अर्ज घेऊन आलंय, आणि जीपमध्ये बसून परत यायचं. गावात त्यांना अजूनही साहेब म्हणतात. मीही साहेबच म्हणते, पण माझा सूर वेगळा असतो आणि तो त्यांना समजतो.

अशा माणसाला निवृत्तीनंतर शिडाची होडी हवी झाली. आमच्या भालकीत ऊस आहे, साखर कारखाना आहे, उदगीरला आणि लातूरला जाणाऱ्या बसेस आहेत. होडीत बसून कुठे जावं असं इथे आजवर कुणाला वाटलेलं नव्हतं. पण हैदराबादचा यांचा एक वर्गमित्र मुलाकडे परदेशी निघाला. त्याच्याकडे तलावात फिरवायची एक लहान होडी होती. फायबरची, पांढरी, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी, आणि ओढून न्यायला तिची स्वतःची दोन चाकांची ट्रॉली. घर रिकामं करताना त्याने फ्रिज एकाला दिला, कपाट दुसऱ्याला दिलं, आणि जे कुणीच नेईना ते आमच्या साहेबांना दिलं. साहेबांना वाटलं, मैत्री.

आता त्यांचीही बाजू सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते. साहेबांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. लातूरच्या डॉक्टरांनी पाडव्यानंतर दोन्ही बदलायचं ठरवलं होतं आणि बजावलं होतं की त्यानंतर उकिडवं बसणं कायमचं बंद. शिडाच्या होडीत मात्र उकिडवंच बसावं लागतं, कारण शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून इकडून तिकडे फिरतो आणि ताठ बसलेल्याचं टाळकं घेऊन जातो. म्हणजे जे काय करायचं ते याच हंगामात. त्यात दुसरी अडचण पाण्याची. धरण झालं तेव्हा एक जुना डांबरी रस्ता बुडाला. तो आजही काठावरून सरळ पाण्यात उतरतो, आणि ट्रॉली मागे रेटत नेऊन होडी सोडायला तेवढी एकच जागा आहे. उन्हाळी पिकांसाठी दरवाजे उघडले की पाणी खाली सरकतं, डांबर संपतं आणि पुढे मांडीभर गाळ. दरवाजे उघडायच्या आत होडी पाण्यात गेली नाही तर साहेब या जन्मात आपल्या धरणाच्या पाण्यावर बसणार नव्हते. दरवाजे कधी उघडायचे हे जिथे ठरतं त्या खुर्चीत ते स्वतः बसलेले. पण आता तिथे बसलेल्या तरुण साहेबाला जाऊन 'जरा थांब' म्हणायची त्यांची छाती होईना, कारण त्यांच्या काळात असं सांगायला कुणी आला असता तर त्यांनी त्याला उभ्याउभ्याच वाटेला लावला असता.

होडी हैदराबादहून अखंड निघाली होती, हे मी ठासून सांगते. ती मोडली निर्ण्यात.

निर्ण्याला माझा धाकटा दीर शेती करतो. होडी घेऊन येताना साहेब जेवायला तिथे थांबले. होडी ट्रॉलीवर दोन पट्ट्यांनी बांधलेली होती, जेवढ्यास तेवढी. दिराने ते पाहिलं आणि त्याला लाज वाटली. आपल्या भावाच्या गाडीवरचा माल असा सैल? हा माणूस हंगामभर उसाच्या ट्रॉल्या बांधतो. दोरखंड आडवा टाकायचा, त्यात दांडकं घालायचं आणि पीळ देत जायचं. ऊस करकरला की बांधणी झाली. त्याने पट्ट्या काढून फेकल्या आणि होडी तशीच बांधली. एवढ्यावरही निभावलं असतं. पण निर्ण्यात बांधलेल्या मालाजवळून कुणी नुसतं जात नाही. दोरी चाचपायची, मान हलवायची आणि दांडक्याला आपला एक पीळ द्यायचा, ही रामराम म्हणण्याची रीत आहे. साहेब आत भाकरी खात होते आणि बाहेर अख्खी आळी रामराम करत होती. शेवटी होडी उसासारखी करकरली, आणि सगळ्यांना समाधान वाटलं.

घरी आल्यावर धुताना दिसलं. होडीचं पोट ट्रॉलीच्या फळीवर जिथे टेकतं तिथे वीतभर चीर, आणि तिच्या आजूबाजूला अंगठ्याने दाबलं की पापडासारखं कुरकुरायचं. मी दिराला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, बांधनी एक नंबर होती. मालच कच्चा हाय, त्याला मी काय करू?" साहेब चिरेकडे पाहून म्हणाले की जरा खरचटलंय. या माणसाने कालव्याला पडलेली भगदाडंसुद्धा वरिष्ठांना खरचटलं म्हणूनच कळवली असणार. त्यांनी भिंतीची पुट्टी आणून चिरेत भरली, वर हात फिरवला, मागे सरून कौतुकाने पाहिलं. वाळल्यावर मी अंगठा लावला तर ती वडीसारखी निघून हातात आली.

मग साहेबांचे मित्र आले. हे जनावरांचे निवृत्त डॉक्टर, कन्नड घरचे, मला अक्का म्हणतात. ज्यांचे पेशंट जन्मात कधी उलटून बोलले नाहीत अशा माणसाचा आत्मविश्वास काय असतो ते यांच्याकडे पाहावं. आल्याआल्या त्यांनी होडी पालथी करून घेतली, जुन्या टायरांवर ठेवली, आणि गाभण म्हशीच्या पोटावर टिचक्या माराव्यात तशा बोटांनी टिचक्या मारत सगळं पोट फिरले. जिथे टणटण वाजलं तिथे पुढे, जिथे भदभद वाजलं तिथे खडूची खूण. खुणा जोडल्या तर चिरेच्या भोवती भाकरीएवढं वर्तुळ झालं.

"आतून सुटलंय अक्का," ते म्हणाले. "वरनं मलम लावून उपयोग न्हाई. फाडावं लागतंय."

हे बरोबर निघालं. मला आजही ते खटकतं.

फाडायला हुमनाबादहून फायबरवाला आणला. याच्या हातात कला होती आणि तोंडात त्याहून मोठी. लग्नाच्या मिरवणुकीतले घोडे, बाथरूमचे दरवाजे, हॉटेलसमोरचे हात जोडलेले महाराज, सगळं त्याने केलेलं. मुख्य धंदा मात्र कूलरच्या बॉडीचा. म्हणजे पाणी आत ठेवणाऱ्या वस्तू त्याने ढिगाने केल्या होत्या, पाणी बाहेर ठेवणारी एकही नाही. हे मी बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "भाभी, कूलर को उलटा करो, होडी हो जाती." साहेबांना हे फार पटलं. मला कळलं की दोघांचं जमणार.

त्याने ग्राइंडर लावला आणि वीतभर चीर होती तिचं पसरट ताट करून ठेवलं. साहेब कळवळून म्हणाले, "अरे, एवढी मोठी जखम कामून करायलास?" फायबरवाल्याने समजावलं की कड उभी ठेवली तर नवं कापड धरत नाही. कड उतरती घासत नेली, कापडाचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा टाकला, तरच नवं-जुनं एक होतं. हे मला लगेच समजलं, कारण गोधडीला ठिगळ लावणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. साहेबांना समजेपर्यंत डॉक्टरांनी खडूने अंगणात आकृती काढली.

घासताना जी धूळ उडाली ती पांढरी, मऊ, पिठासारखी. ती दोरीवरच्या कपड्यांत बसली. ते कपडे आम्ही घातले. फायबरच्या धुळीची खाज ज्यांनी अनुभवली नाही त्यांना सांगून उपयोग नाही, आणि ज्यांनी अनुभवली ते आत्तासुद्धा खाजवायला लागले असतील. साहेब बँकेत खाजवले, डॉक्टर एका मुंजीत खाजवले. पाहुण्यांत कुजबुज झाली की जनावरांचं काहीतरी माणसांत आलं. मी मात्र धूळ उडायच्या आधीच माझ्या साड्या आत घेतल्या होत्या. कुणाला सांगितलं नाही. प्रत्येकाने आपापली अक्कल वापरावी.

पुढचं काम रसाचं. गोळीच्या पाकासारखा दाट रस असतो, त्यात घट्ट होण्याचं औषध थेंबाथेंबाने घालायचं आणि लगेच कापडावर लावायचं. फायबरवाला साहेबांना आपल्या घोड्याची गोष्ट सांगण्यात रंगला आणि उन्हात बसून त्याने अख्खा डबा एकदम कालवला. घोडा वरातीत पोचेपर्यंत डब्यातून धूर निघाला. डबा हातात धरवेना, अंगणात टाकला तर आतला रस दगड झालेला. "माल कडक है," तो अभिमानाने म्हणाला. दुसऱ्या खेपेला गोष्ट बंद आणि वाटीवाटीने कालवणं सुरू. कापडाचे थर बसवले, रुळाने दाबून आतली हवा काढली, आणि संध्याकाळच्या आत पोटावर एक सुबक, ओलसर, मधाच्या रंगाचं ठिगळ तयार झालं. मग तो भाचीच्या लग्नाला दुबलगुंडीला निघाला. जाताना म्हणाला, मी येईपर्यंत याला हात लावू नका.

साहेबांनी हात लावला नाही.

आता हे नीट ऐका. आमच्याकडे घराचा स्लॅब पडला की मालक लगेच पाणी मारायला लागतो. बायकापोरं घागरी घेऊन वर, पोती भिजवून अंथरलेली, सकाळ-संध्याकाळ पाणी. नवं काम कोरडं पडू देणारा माणूस आळशी, त्याच्या घराला भेगा पडणार हे ठरलेलं. साहेबांनी तर आयुष्यभर दुसऱ्यांना हेच दरडावून सांगितलं होतं. कंत्राटदाराला पकडायचं तर ते कोरड्या पोत्यावरच पकडायचे. तर फायबरवाल्याची पाठ वळली, आणि साहेबांनी गोडाऊनमधून पोती आणवली, हौदात बुडवली आणि ताज्या ठिगळावर अंथरली. वर झारीने पाणी.

गल्लीत एकाही माणसाला हे खुळं वाटलं नाही. उलट सगळे खूश. शेजारणीने आपली रबराची नळी दिली. डॉक्टर येताना एक पोतं घेऊन आले. येणारा जाणारा थांबून म्हणायचा, साहेब, पाणी कमी पडू देऊ नका. निर्ण्याहून दिराने फोन करून विचारलं की पाणी मारायलाव का न्हाई. मीही अंगण झाडताना सांगितलं की कडेचं पोतं वाळलंय. साहेब गुडघे धरत उठायचे, झारी भरायचे आणि पुन्हा शिंपायचे. लग्न झाल्यापासून त्यांनी घरातलं एवढं मन लावून केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

फायबरवाला परत आला तो लग्नातल्या नव्या शर्टात. त्याने पोती पाहिली. एक पोतं उचललं. खाली मधाचा रंग जाऊन दह्यासारखं पांढरं झालं होतं, बोट लावलं तर चिकट. त्याने एक कोपरा नखाने धरला आणि ओढला, तर सगळं ठिगळ दुधावरची साय निघावी तसं अलगद वर आलं.

"साब," तो म्हणाला, "ये छत है क्या?"

साहेब म्हणाले की नव्या कामाला पाणी लागतंच.

"पानी कायकू लगता? ये सुका पकता. तुम इसकू बुखार में नहलाए."

डॉक्टरांनी विचार करून सांगितलं की बुखारात अंघोळ घालणं तसं चालतं, पण कोमट पाण्याने. फायबरवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, गल्लीतल्या रबरी नळीवाल्या बाईकडे पाहिलं, आणि सामान गोळा करायला लागला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की एवढ्या शिकलेल्या लोकांत आपण काम करू शकत नाही. साहेब खुर्चीत बसले. त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की दरवाजे या आठवड्यात उघडणार, कालच कळलंय. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मी लिहिणार नाही, कारण मग तुम्हाला त्यांची दया येईल आणि माझी सगळी मेहनत वाया जाईल.

मी फायबरवाल्याला दारात गाठलं. चहा दिला, घोड्याची राहिलेली गोष्ट पूर्ण ऐकली. शेवटी तो तयार झाला, पण एका अटीवर. ठिगळ पुन्हा घासून, पुन्हा भरून पूर्ण कडक होईपर्यंत साहेब या घरात दिसता कामा नयेत.

अशी अट मला यापूर्वी कुणी का घातली नाही कोण जाणे. मी साहेबांना उदगीरच्या बसमध्ये बसवलं आणि माझ्या बहिणीकडे नेलं. मागे डॉक्टरांना राखणीला ठेवलं. होडीजवळ पाणी घेऊन येणाऱ्या कुणालाही हाकलायचं, अगदी कुणाला प्यायचं असलं तरी. त्यांनी ही जबाबदारी एवढी मनावर घेतली की शेजारणीला तुळशीला पाणी घालू दिलं नाही. त्या दोन्ही घरांचं त्यावरून अजून बोलणं नाही.

उदगीरला साहेब दर तासाला डॉक्टरांना फोन करायचे. वाजवून बघा म्हणायचे, आणि डॉक्टर फोन होडीच्या पोटाला लावून टिचक्या मारायचे. साहेब ते स्पीकर चालू करून डोळे मिटून ऐकायचे आणि आम्ही बहिणी तोंडात पदर धरून बसायचो. योगायोगाने बहिणीकडे मागच्या दारी सिमेंटचा नवा ओटा घातला होता. पहाटे उठून पाहते तर साहेब त्यावर पाणी मारत होते. बहीण मला म्हणाली, किती गुणी आहेत गं दाजी. मी चहा टाकायला आत गेले. माहेरच्या माणसांना सगळंच सांगायचं नसतं.

परत आलो तर ठिगळ टणक, गुळगुळीत, वाजवलं की बाकीच्या पोटासारखंच टणटण. फायबरवाल्याने वरून पांढरा रंग मारला होता, आणि होडीच्या दोन्ही अंगांना लाल अक्षरांत लिहून ठेवलं होतं की कूलर बॉडी मिळेल. साहेब म्हणाले, असू दे. एरवी घराच्या भिंतीवर कुणी पत्रक चिकटवलं तर पोलिसांत जायच्या गोष्टी करणारा हा माणूस.

दुसऱ्या दिवशी दरवाजे उघडणार होते. आम्ही दुपारीच गेलो. दीर निर्ण्याहून दोरखंड घेऊन आला होता. मी त्याला ट्रॉलीच्या जवळपास उभं राहू दिलं नाही. भाड्याच्या जीपने ट्रॉली मागे रेटत त्या बुडालेल्या रस्त्यावरून पाण्यात नेली, चाकं बुडाली, होडी उचलली गेली आणि हलकेच सुटली. साहेबांनी नारिंगी जाकीट घातलं होतं. पोहता येत नाही, गुडघे वाकत नाहीत, शीड कसं हाकायचं ते मोबाइलवर पाहिलेलं. काठावरून प्रत्येकजण सांगत होता. दीर म्हणत होता दोरी आवळ, डॉक्टर म्हणत होते शेपटाकडे बस, फायबरवाला म्हणत होता कलर को संभालो. साहेब कसेबसे आत उकिडवे बसले. त्यांनी मला विचारलं, "येतीस का?" मी म्हटलं, न्हाई.

वारा आला, शीड फुगलं आणि होडी निघाली. सुरेख निघाली. काठावर टाळ्या झाल्या. ती जात राहिली. टाळ्या थांबल्या. जाताना कसं जायचं ते साहेबांनी पाहिलं होतं. वळायचं कसं ते दुसऱ्या व्हिडिओत होतं आणि तो त्यांनी पाहिला नव्हता. होडी सरळ रेघेत अख्खं धरण ओलांडून पलीकडे गेली, लहान होत होत पांढऱ्या ठिपक्याएवढी झाली आणि पलीकडच्या शेतांपाशी थांबली.

आम्ही जीपने वळसा घालून गेलो. रस्ता लांबचा, खड्ड्यांचा, आणि मी पूर्ण वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते. आत पाणी साचलेलं असेल, हे भिजून थरथरत बसले असतील, तिथून सुरुवात करायची. पोचलो तर साहेब होडीतच बसून होते, कारण गुडघे अडकल्यामुळे उठता येत नव्हतं. शेताचा मालक काठावर बसून त्यांच्याशी हरभऱ्याच्या भावावर बोलत होता. दीर आणि डॉक्टर दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं. उभं राहिल्यावर ते मला म्हणाले, "एक थेंब न्हाई आला. हात लावून बघ."

मी वाकून होडीच्या तळावर, ठिगळाच्या जागी, कोपऱ्यांत सगळीकडे हात फिरवला. कोरडं होतं. माझा फार संताप झाला. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस जे म्हणाला होता तसं करून समोर उभा होता आणि माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

मग माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. नव्या चपला ते जिथून निघाले त्या काठावरच विसरून आले होते. भालकी येईपर्यंत मला बोलायला तेवढ्या पुरल्या.